बोर्ड बनवणाऱ्याचं ब्रोशर: गिऱ्हाइकाला स्क्वेअर फुटाच्या भावातून बाहेर कसं काढायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत कुपवाड रस्त्याला नावाच्या पाट्या आणि बोर्ड बनवायचं छोटं दुकान आहे, तीन-चार माणसं कामाला. फ्लेक्स, व्हिनाइल, एसीपी (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेली शीट), ॲक्रिलिक आणि स्टीलची अक्षरं, रेडियम, सगळं करता. आता तीन पानांत दुमडणारं ब्रोशर छापायचंय. कच्चा मसुदा तयार आहे. वर गणपती, खाली मशीनचा फोटो, मग सत्तावीस सेवांची यादी, इंटरनेटवरून घेतलेले चकाचक बोर्ड आणि शेवटी ‘सर्व प्रकारचे बोर्ड योग्य दरात बनवून मिळतील’. मजकूर काय असावा, मराठी की इंग्रजी, दर छापावेत का, कागद कुठला आणि प्रती किती, हे तुम्ही विचारलंय.

इतकी वर्षं सांगली-मिरजेत छपाईचं डिझाइन करतोय, त्यातली बरीच कामं बोर्डवाल्यांची. म्हणून मसुद्यातली मुख्य अडचण आधी सांगतो. हे ब्रोशर शहरातल्या कुठल्याही बोर्डवाल्याचं नाव टाकून चालेल. ते वाचून गिऱ्हाइकाला तुम्हाला एकच प्रश्न विचारता येतो: ‘स्क्वेअर फुटाला काय भाव?’ आणि त्या प्रश्नावर तुम्ही नेहमी हरणार, कारण शीट पातळ, पाइप हलका आणि एलईडी मॉड्यूल (अक्षराच्या आतले छोटे दिवे) विरळ लावून तुमच्यापेक्षा स्वस्त देणारा कुणीतरी असतोच. गिऱ्हाइकाला तो फरक दिसत नाही. दुकानदार आयुष्यात दोन-तीनदा बोर्ड करून घेतो, त्याला कुठून कळणार? तेव्हा ब्रोशरचं काम एवढंच धरा: तीन ठिकाणची कोटेशनं समोर ठेवून बसलेल्या माणसाला ती एकमेकांशी ताडून बघता आली पाहिजेत. असा कागद तो फेकत नाही, गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो.

म्हणून आतली तीन पानं, म्हणजे पूर्ण उघडल्यावर सलग दिसणारी जागा, यादीला देऊ नका. तिथे एका प्रकाशित अक्षराचं पोटातलं चित्र काढा. समोर ॲक्रिलिक, कडेची पट्टी, आत एलईडी मॉड्यूल, मागची शीट, त्यामागे पाइपची फ्रेम, बाजूला पॉवर सप्लाय. प्रत्येक भागाला रेघ ओढून तुम्ही काय वापरता ते लिहा. ॲक्रिलिक किती मिमी, एसीपी 3 की 4 मिमी आणि त्यावरचा ॲल्युमिनियमचा पत्रा किती. हे शेवटचं फार कमी लोक लिहितात. भाव मात्र बराचसा त्यावरच ठरतो, कारण दोन्ही शीट 3 मिमीच्या असूनही एकीचा पत्रा दुसरीच्या निम्मा असू शकतो. पाइप 18 गेज म्हणजे साधारण 1.2 मिमी, 16 गेज म्हणजे 1.6 मिमी. गिऱ्हाइकाला गेज कळत नाही, मिलिमीटर कळतं, दोन्ही लिहा. रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा रंग, मारता का? स्क्रू स्टीलचे की साधे? दोन पावसाळ्यांनंतर पांढऱ्या बोर्डावर गंजाचे तपकिरी ओघळ उतरतात ते बहुतेक वेळा साध्या स्क्रूमुळे, आणि ते ओघळ प्रत्येक दुकानदाराने शेजाऱ्याच्या बोर्डावर पाहिलेले असतात. स्टीलची अक्षरं असतील तर स्टील 304 प्रतीचं की 202, तेही. 202 स्वस्त पडतं, पण उघड्यावर लवकर डागाळतं.

चित्राखाली ‘बोर्ड करून घेताना हे विचारा’ अशा मथळ्याखाली चार-पाच प्रश्न द्या आणि तुमची उत्तरं लगोलग त्याच ओळीत. मॉड्यूल किती अंतरावर लावणार? पॉवर सप्लायवर किती भार टाकणार? (क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर भार गेला की सप्लाय लवकर मरतो, हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही.) दिवा गेला तर कोण येणार, किती दिवसांत? गॅरंटीच्या बाबतीत हात आखडता ठेवा. मॉड्यूलची जी वॉरंटी तुम्हाला पुरवठादाराकडून बिलावर मिळते तेवढीच छापा आणि दुरुस्तीच्या मजुरीचं वेगळं सांगा. ‘पाच वर्षं नो टेन्शन’ असं छापलेला कागद चौथ्या वर्षी तुमच्याच टेबलावर परत येतो.

आपल्या गावाची म्हणून एक ओळ जरूर घाला. 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं हे नदीकाठच्या पेठांतल्या प्रत्येक दुकानदाराला पाठ आहे. ‘पूरपट्ट्यात पॉवर सप्लाय आणि जोडण्या पाण्याच्या खुणेच्या वर बसवतो’ हे वाक्य पुण्या-मुंबईच्या ब्रोशरवर सापडणार नाही. अर्थात खरंच तसं बसवत असाल तरच.

आता अक्षरांच्या मोजमापाचा मुद्दा. इथे जरा थांबतो, कारण तुमच्या धंद्यातली निम्मी भांडणं यावरून होतात. सुट्या अक्षरांचा भाव इंचावर लागतो. गिऱ्हाईक ‘दहा इंची अक्षरं’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या शेपटापर्यंतची उंची असते. तुम्ही शिरोरेषेपासून तळापर्यंत मोजता. ‘श्री’ एक अक्षर की दोन? ‘र्क’मधल्या रफाराचे पैसे वेगळे का? इंग्रजी मोठ्या अक्षरांत ही कटकट नाही, सगळी एका उंचीची. ब्रोशरमध्ये हातभर लांब खुलासा नको. ‘श्री गुरुकृपा किराणा’सारखं एखादं नाव घ्या, शिरोरेषा आणि तळरेषा लाल रंगात आखा आणि लिहा: आम्ही उंची या दोन रेषांमध्ये मोजतो, वरच्या-खालच्या मात्रांसाठी बोर्डाला एवढी जादा जागा लागते. मी साधारण दीडपट धरतो, म्हणजे दहा इंची अक्षरांच्या ओळीला पंधरा-सोळा इंच. तुमची पद्धत वेगळी असेल तर ती छापा. काय आहे ते छापील असलं की वाद मिटतो. शिवाय बारा बाय दोन फुटाच्या पट्टीत नाव, पत्ता, मालकाचं नाव आणि दोन मोबाइल नंबर बसवा म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं कामही तो कागदच करतो.

त्याच चित्राशेजारी किती लांबून किती मोठं अक्षर वाचता येतं ते द्या. दहा फुटांना एक इंच हा जगभरचा ढोबळ नियम आहे, पण तो रोमन, म्हणजे इंग्रजी, मोठ्या अक्षरांवरून आलेला. देवनागरी अक्षरांची पोटं, म्हणजे आतल्या मोकळ्या जागा, लवकर बुजतात, म्हणून मी त्यावर पाव ते अर्धं जादा धरतो. गणपती पेठेत पायी चालणारा माणूस पंचवीस-तीस फुटांवरून बघतो, त्याला चार इंची अक्षर आरामात पुरतं. सांगली-मिरज रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला अकरा मीटर कापते. वाचायला चार सेकंद मिळावेत असं वाटत असेल तर अक्षर 44 मीटरवरून, म्हणजे सुमारे 145 फुटांवरून दिसलं पाहिजे. रोमनला चौदा-पंधरा इंच, मराठीला अठराच्या पुढे. हा हिशेब वाचल्यावर गिऱ्हाईक आपणहून मोठं अक्षर आणि कमी मजकूर मागतो. भावाची चर्चाही तिथे बदलते.

सत्तावीस सेवांच्या यादीतून कोणालाच काही मिळत नाही. त्याऐवजी गिऱ्हाईक कोण आहे त्यावरून मांडा. तुमच्याकडे ढोबळमानाने तीन प्रकारचे लोक येतात. पेठेतला आणि उपनगरातला दुकानदार, मिरजेतला डॉक्टर, आणि कुपवाड-मिरज एमआयडीसीतला कारखाना. तिघांच्या गरजा वेगळ्या, भीतीही वेगळी.

दुकानदारासाठी नियमांची छोटी चौकट ठेवा, कारण अर्ध्या लोकांना ते अजून नीट माहीत नाहीत. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम 2017 मध्ये 2022 साली झालेल्या सुधारणेनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी, देवनागरी पाटी बंधनकारक आहे. दुसऱ्या भाषेत नाव चालतं, पण मराठी सुरुवातीला हवं आणि मराठी अक्षरांचा आकार इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती, ती केव्हाच संपली. दुसरा नियम जीएसटीचा. केंद्रीय जीएसटी नियमांतल्या नियम 18 प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याला प्रवेशाजवळच्या नामफलकावर जीएसटी क्रमांक लावावा लागतो. बहुतेक जण तो नंतर स्टिकरवर चिकटवतात आणि चांगल्या बोर्डाचं रूप घालवतात. ‘तुमच्या पाटीत हे दोन्ही आधीच बसवून देतो’ एवढं लिहा. दंडाची भीती घालू नका, वाचणाऱ्याला ती वसुलीची नोटीस वाटते.

डॉक्टरांची गोष्ट वेगळी. मिरजेत नुसतं सांगली जिल्ह्यातून नाही, तर उत्तर कर्नाटकातूनही पेशंट येतात. तिथे बाहेरच्या बोर्डाइतकंच आतल्या दिशादर्शक पाट्यांचं काम असतं: ओपीडी, एक्स-रे, औषध दुकान, जिना. मराठी, इंग्रजी आणि कन्नड अशी तीन लिप्यांची एक नीट पाटी तुम्ही केली असेल तर तिचा फोटो मोठा लावा. नसेल तर नमुना म्हणून करून घ्या. 2021 च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे असतात. ती पाटी वाचता येण्याजोगी बनवणं हेही तुमचं काम, आणि ते वारंवार मिळणारं काम आहे, कारण दर बदलतात.

कारखान्यात मालक भेटत नाही, परचेसवाला किंवा सेफ्टी ऑफिसर भेटतो. त्याला आयएस 9457 हा सुरक्षा चिन्हांच्या भारतीय मानकाचा आकडा दिसला की तो तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो: मनाईला लाल, इशाऱ्याला पिवळा, बंधनकारक सूचनेला निळा, सुरक्षित वाटेला हिरवा. कारखान्यातल्या सूचना सहसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावतात, म्हणजे तिथेही दोन भाषांची पाटी आलीच.

हे सगळं एका ब्रोशरमध्ये कोंबायचं नाही. मुख्य ब्रोशर दुकानदारासाठी, पूर्ण मराठीत. डॉक्टर आणि कारखान्यासाठी प्रत्येकी एक सुटा पाठपोट कागद, डिजिटल छपाईवर शंभर-शंभर प्रती. ज्याच्याकडे जाल त्याचा कागद घडीत सरकवायचा. कारखान्याचा कागद इंग्रजीत असू द्या, तिथे फाइल वर जाते आणि वरचा माणूस बहुधा बाहेरगावचा असतो. गच्चीवरचे मोठे बोर्ड घेत असाल तर त्याच कागदावर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ड्रॉइंग करून घेता हे नमूद करा. मे 2024 मध्ये घाटकोपरला होर्डिंग कोसळल्यापासून हा प्रश्न सगळीकडे विचारला जातो.

दरांबद्दल माझं मत ठाम आहे: स्क्वेअर फुटाचा आकडा छापू नका. ॲक्रिलिक, ॲल्युमिनियम आणि एलईडीचे भाव हलत राहतात, आणि छापलेला आकडा नेहमी तुमच्या विरोधात वापरला जातो. त्याऐवजी पूर्ण झालेली तीन कामं द्या, लहान, मध्यम, मोठं. फोटो, माप, साहित्य, किती दिवस लागले. ज्याला रक्कम विचारायची तो फोन करेल आणि ‘त्या मधल्यासारखं’ म्हणेल. बोलणं तिथून सुरू झालं की तुमचं अर्धं काम झालं.

फोटोंवर मी तुमच्यापेक्षा जास्त कडक आहे. इंटरनेटवरचा एकही फोटो नको. दुबईतल्या मॉलचा बोर्ड सांगलीत कुणी बसवलेला नाही, हे समोरच्याला कळतं, आणि तो फोटो कुणाच्या तरी मालकीचा असतो हे वेगळंच. तुमची स्वतःची कामं घ्या, वायरी आणि शेजारचा बोर्ड दिसला तरी. एकाच बोर्डाचा दिवसाचा आणि रात्रीचा, एकाच जागेवरून काढलेला जोड-फोटो पहिल्या पानासाठी उत्तम. रात्रीचा म्हणजे काळोखातला नव्हे. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आकाश अजून निळं असतं, तेव्हा काढा. दुकानाची कड दिसते आणि अक्षरं पांढरी फटक पडत नाहीत. मोबाइलवर अक्षरावर बोट ठेवून उजेड खाली ओढा. रस्त्यापलीकडून, समोरासमोर, थोडं झूम करून. जवळून काढलं की बोर्ड जहाजासारखा वाकलेला दिसतो. फ्रेममध्ये दार किंवा उभा माणूस असू द्या, म्हणजे आकार कळतो. दुकानदाराची परवानगी घ्या, आणि दवाखान्यात पेशंट फोटोत येणार नाही हे पाहा.

आता सवयीबद्दल बोलू. फ्लेक्स करणारा माणूस कागदावर काम करायला लागला की हात तिकडेच वळतो: लाल अक्षर, त्याला पिवळी बॉर्डर, त्याला काळी सावली, मागे ग्रेडियंट. वीस फुटांवरून ते खपतं. हातातल्या कागदावर तो गोंगाट होतो. दोन रंग ठरवा आणि त्यांनाच धरून राहा. फाइलच्या बाबतीतही तेच. फ्लेक्सला 72 डीपीआय (इंचाला इतके ठिपके) चालून जातं, ब्रोशरच्या फोटोला छापील आकारात 300 हवं. एलईडीचा निळा-जांभळा जो स्क्रीनवर झळकतो तो सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, तसा उतरत नाही, तेव्हा प्रूफवर तो मलूल दिसला म्हणून प्रेसवाल्याशी भांडू नका. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शायांचा काळा घेतला तर जरा रजिस्टर (शायांची एकमेकींवरची जुळणी) हललं की मात्रांभोवती रंगीत कड दिसते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी बारीक मराठी अक्षरंही टाळा, शाई पसरून गाठी भरतात.

फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ तपासा. बऱ्याच फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात. पाट्या बनवणाऱ्याच्या कागदावर ते दिसलं की जाणता माणूस लगेच ओळखतो. ‘मुक्ता’ (Mukta) किंवा ‘बलू’ (Baloo) यांच्यासारखे खुले युनिकोड फॉन्ट छापण्यासाठी विनामूल्य आहेत आणि स्वच्छ आहेत. श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर रफार आणि ‘ऱ्या’ एकेक करून बघा. प्रेसला देताना कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं कर्व्ह करा (म्हणजे अक्षरांचे आकार करा, फॉन्टची गरज उरत नाही), पण न कर्व्ह केलेली प्रत वेगळी ठेवा. आणि कर्व्ह झाल्यावर, आधी नाही, घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा.

माप: ए4 आडवा, 297 बाय 210 मिमी. तिन्ही पानं सारखी करू नका. आत दुमडणारं पान 97 मिमी आणि बाकीची दोन शंभर-शंभर, नाहीतर घडी फुगते. चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड (कापण्यासाठी बाहेर वाढवलेला रंग), आणि घडीच्या रेषेपासून मजकूर किमान 5 मिमी लांब. पुढून-मागून पानांची जागा उलटी होते हे विसरून अख्खी छपाई वाया गेलेली मी पाहिलीय, म्हणून साध्या कागदावर पाठपोट प्रिंट काढून घडी घालून बघा. कागद 170 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) आर्ट, घडीला क्रिझिंग करून, म्हणजे आधी रेघ दाबून. 130 चा कागद हातात लुळा पडतो आणि बोर्डवाल्याचा कागद लुळा असणं बरं दिसत नाही. घडीवर गडद रंग असेल तर शाई तडकून पांढरी रेघ उमटते, म्हणून तिथे हलका रंग ठेवा किंवा लॅमिनेशन करा. मॅट लॅमिनेशन वाचायला छान, पण रात्रीच्या काळ्या फोटोवर बोटांचे ठसे उठतात. तुमच्या बाबतीत मी लॅमिनेशनशिवाय मॅट आर्ट पेपर घेईन.

शेवटच्या पानावर फोन नंबर मोठा, एकच. पत्त्याला जवळची खूण. व्हॉट्सॲपचा क्यूआर किमान दोन सेंटीमीटरचा, पांढऱ्यावर काळा, भोवती मोकळी जागा सोडून, आणि छापील प्रूफवरून दोन वेगवेगळ्या मोबाइलनी तपासलेला. त्याखाली ‘दुकानाचा समोरून फोटो आणि रुंदी पाठवा’ असं लिहा. हे वाचून आलेला मेसेज म्हणजे अर्धी चौकशी पूर्ण. गणपती ठेवायचा असेल तर ठेवा, सांगलीत त्याला कोण नाही म्हणणार, पण लहान आणि मागच्या पानावर. पहिल्या पानावर तुमचा बोर्ड दिसू द्या. मशीनचा फोटो मात्र काढून टाका. गिऱ्हाइकाला राउटर (शीट कापायचं मशीन) विकत घ्यायचा नाही.

प्रतींचं असं करा. ऑफसेटला चार प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च पाचशेला जेवढा तेवढाच हजाराला, म्हणून सगळे हजार छापतात आणि सातशे कपाटात राहतात. गँगिंगला, म्हणजे इतरांच्या कामांसोबत एकाच शीटवर, टाकलं तर स्वस्त पडेल, पण शेजारच्या कामामुळे तुमचा लाल थोडा इकडेतिकडे होणार हे धरून चाला. मी आधी दीड-दोनशे डिजिटलवर काढायला सांगेन. ते पेपरात घालून वाटू नका. नवीन धंदा सुरू करणारा माणूस बोर्डवाल्याकडे येण्याआधी कुणाकडे जातो? सीएकडे, इंटिरिअरवाल्याकडे, गाळ्याची वायरिंग करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे. त्यांच्याकडे पाच-पाच प्रती ठेवा, मागे पेन्सिलने खूण करा म्हणजे कुठून फोन आला ते कळेल. मार्केट यार्डातल्या अडत्यांकडे स्वतः जा, तिथे कागद ठेवून चालत नाही, बसून चहा घ्यावा लागतो. महिनाभर फोनवर लोक काय विचारतात ते वहीत टिपा. जो प्रश्न पुन्हा पुन्हा येईल त्याचं उत्तर आतल्या चित्राखाली घाला, आणि मग ऑफसेटचे हजार छापा.